औटकीवाले दाजी

गेल्या वैशाखात, अक्षय्य तृतीया होऊन गेल्यानंतरच्या मंगळवारी, शहापूरच्या एका डॉक्टरांकडे सहाशे रुपये भरले. भरले मी. हजर चौघे होते: मी, माझी बायको, तिची थोरली बहीण म्हणजे आमच्या आक्का, आणि ज्यांच्यासाठी हा खर्च झाला ते आक्कांचे यजमान, माझे थोरले साडू. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. आक्कांचं माहेर धसईचं, त्यामुळे धसईचा अख्खा बाजार त्यांना दाजीच म्हणतो. पैसे भरून मी पावती खिशात घातली तेव्हा दाजी काउंटरवरच अडून बसले. त्यांचं म्हणणं असं, "प्रश्न त्यानं इचारले, उत्तरं मी दिली. मंग पैसे कोणी कोणाला द्यायचे?" काउंटरवरच्या मुलीला हा मुद्दा कॉम्प्युटरमध्ये कुठे टाकायचा ते कळेना. हा वाद मिटायला श्रावण उजाडला.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून जेवढी हिशेब करणारी यंत्रं असतील, म्हणजे दुकानातले कॅल्क्युलेटर, आकडे दाखवणारे वजनकाटे, कंडक्टरच्या गळ्यातलं तिकिटाचं मशीन, बँकेतलं नोटा फडफडवणारं डबडं आणि ज्याच्या त्याच्या खिशातला मोबाइल, त्या सगळ्यांशी एकट्यानं वैर धरलेला माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला. वैरही साधंसुधं नव्हे. भावकीत असतं तसं, रोज तोंड बघून वाढलेलं. मी स्वतः तीन-चार सोसायट्यांचे जमाखर्च लिहून पोट भरतो. मला यंत्राचा राग नाही. यंत्र चुकत नाही, चहा मागत नाही आणि मध्येच तंबाखू मळायला बाहेर जात नाही. पण हे दाजींसमोर बोलायची सोय नाही. एकदा बोललो तर म्हणाले, "तुझी बायको पण चुकत नाय. मंग तिला काय खिशात घालून फिरतोस?"

दाजींचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण त्यांच्या वडिलांनी त्यांना शाळेत घालायच्या आधीच अपूर्णांकांचे पाढे घोटून घेतले होते. आपण सगळे बे ते तीस म्हणून थांबलो. दाजी तिथून पुढे निघाले: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी. औट म्हणजे साडेतीन, आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो ज्याला येतो त्याला जगात काही अवघड नाही, असं दाजी मानतात. सतरा औटं किती, असं त्यांना झोपेतून उठवून विचारा, डोळे मिटलेलेच ठेवून "साडेएकोणसाठ" म्हणतील आणि कूस बदलतील. मी हे करून पाहिलं आहे. आंघोळीला इतर लोक स्तोत्र म्हणतात, दाजी औटकी म्हणतात. पाण्याचा तांब्या आणि पाढ्याची ओळ बरोबर पडते. थंडीच्या दिवसांत ते पावकी म्हणतात. आक्का म्हणतात, पावकीत पाठ भिजत नाही.

धसईच्या आठवडी बाजारात दाजींची एक ठरलेली जागा आहे. सुकटवाल्या मावशीच्या शेजारी, तिच्याच गोणपाटाच्या कडेवर. तिथे बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याचे हिशेब फुकट करून देतात, मागितले नसले तरी देतात. मावशीनं दोन वर्षांपूर्वी आकडे दाखवणारा काटा घेतला तेव्हा दाजींनी चार बाजार तिच्याशी बोलणं टाकलं. मग मात्र ते काट्याच्या बरोब्बर समोर येऊन बसले, कारण शत्रूवर नजर ठेवली पाहिजे. एकदा मी सोबत होतो. तीनशे वीसच्या भावानं एका बाईनं पाऊण किलो सुकट मागितली. दाजी म्हणाले, "दोनशे चाळीस." मावशीनं काट्यावर टाकली तर काटा सातशे अठ्ठेचाळीस ग्रॅम आणि दोनशे एकोणचाळीस रुपये छत्तीस पैसे दाखवू लागला. "बघ," दाजी मला म्हणाले, "चौसष्ट पैशासाठी तोंड वेंगाडतंय. याला व्यवहाराची रीत नाय." तेवढ्यात मावशीनं रिवाजाप्रमाणे तोललेल्या मालावर आणखी एक मूठ घातली. ही वरची मूठ माल काट्यावरून काढून घेतल्यावरच घालायची असते. दाजी काट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आता सांग म्हणावं, ही मूठ केवढ्याची." काटा शून्यावर गप्प होता. दाजींचा तो बाजार फार आनंदात गेला.

मोबाइलशी त्यांची झुंज एका दिवाळीत आमच्या किन्हवलीच्या घरी झाली. माझा पुतण्या कल्याणला नोकरी करतो. फराळाला बसला असताना त्याला खुमखुमी आली आणि त्यानं दाजींना विचारलं, सत्तेचाळीस गुणिले शहाऐंशी. तो मोबाइल उघडेपर्यंत दाजींनी "चार हजार बेचाळीस" सांगून करंजी उचलली होती. पुतण्या म्हणाला, तुम्ही आधी सुरुवात केलीत. दाजी म्हणाले, "दोघांना आकडा एकदमच सांगितलास ना? माझं डोकं खांद्यावर होतं. तुझं खिशात होतं, त्याला मी काय करू?" चिडून पुतण्यानं चार आकडी गुणिले चार आकडी असा प्रचंड हिशेब घातला. दाजींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि करायचं नाकारलं. म्हणाले, "एवढं काय हाय रे तुझ्याकडं? शहापूर-मुरबाडातली भाताची पेंढी पण एवढी भरायची नाय. जी वस्तूच नाय तिचा हिशेब मी करत नाय. ते काम यंत्राला दे, त्याला रिकामपण हाय." पुतण्या हरला की जिंकला हे अजून घरात ठरलेलं नाही, पण त्या दिवसापासून तो दाजींसमोर मोबाइल काढत नाही.

लग्नकार्यात दाजींचा मान मोठा. किती पानं उठणार, तांदूळ किती शिजवायचा, हे त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या पंचक्रोशीत चूल पेटत नाही. पान म्हणजे जेवणारं एक माणूस. दाजी माणसं मोजत नाहीत, कारण माणसं हलतात. ते मांडवाबाहेरच्या चपला मोजतात आणि दोनानं भागतात. लहान पोरांच्या चपलांना निमकी लावतात. अनवाणी आलेल्या म्हाताऱ्यांची वेगळी भर घालतात. एका हळदीला चपला भरल्या चारशे अकरा. विषम. दाजींनी आचाऱ्याचा हात धरला आणि पंगत थांबवली. अर्धा माणूस जेवायला येत नसतो, असं म्हणत ते मांडवाभोवती फिरत राहिले. आत पाहुणे पत्रावळी समोर घेऊन बसलेले, नवरदेव हळदीनं माखून वाळत चाललेला, आणि वरबाप हात जोडून दाजींच्या मागे. शेवटी कळलं की एक चप्पल कुत्र्यानं गोठ्यामागे नेली होती. ती सापडली, चारशे बारा झाले, दाजींनी मान हलवली आणि वाढप सुरू झालं. त्या दिवशी भात पुरला, उरला फक्त एका परातीएवढा. कुत्र्याला त्यातला वाटा दाजींनी स्वतः घातला, कारण त्याचा हिशेबात सहभाग होता.

दुःखाच्या घरीही त्यांचं डोकं थांबत नाही. सरणाला किती मण लाकूड लागेल हे ते उंबऱ्यातूनच सांगतात, आणि ते बरोबर निघतं म्हणून लोक रागावूनही त्यांनाच विचारतात. अडचण अशी की ही नजर एकदा लागली की जिवंत माणसांवरही फिरते. माझ्या वाढदिवसाला मला आपादमस्तक न्याहाळून ते म्हणाले, "सात मण पुरेल तुला. औंदा अर्धा मण वाढलास." माझ्या बायकोनं त्या रात्रीपासून माझा भात कमी केला.

आता एक गोष्ट सांगतो जी आम्हा सगळ्यांना गंमत वाटत आली होती. दाजी कुणाला नावानं हाक मारत नाहीत. प्रत्येकाला त्याचा आकडा. माझ्या लग्नात पावणेचारशे पानं उठली, तांदळाचा अंदाज दाजींचा होता, म्हणून मी पावणेचारशे. त्यांची सून साडेनऊशे, कारण तिच्या लग्नापर्यंत गावाची भूक आणि महागाई दोन्ही वाढली होती. नातवंडं जन्मली त्या वजनावरून, थोरली पावणेतीन आणि धाकटा सव्वातीन. धाकटा आता मिसरूड फुटलेला आहे, पण आजोबांनी "सव्वातीन" म्हटलं की ओ देतो. आक्कांना ते पहिली म्हणत. त्यावर आक्कांचं ठरलेलं उत्तर असे, "अहो, दुसरी कोण ते एकदा सांगा तरी." हे इतकी वर्षं चाललं होतं की ऐकणाऱ्याला हसायचंही सुचत नसे. त्यामुळे झालं असं, की जेव्हा दाजींच्या डोक्यातून नावं खरोखरच निसटायला लागली, तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलंच नाही. दुसऱ्या एखाद्या घरात म्हातारा सुनेचं नाव विसरला असता तर चार दिवसांत डॉक्टरकडे नेला असता. आमच्याकडे सून "साडेनऊशे" ऐकून चहा टाकायला जात होती.

पहिल्यांदा ते त्या वैशाखाआधीच्या पावसाळ्याच्या शेवटी अचानक आमच्या दारात उभे राहिले. बाजाराचा दिवस होता, पिशवीत सुकट होती. त्यांचं गाव धसईपासून दोन थांबे पुढं, आणि आमची किन्हवली अगदी उलट्या अंगाला. कसे आलात म्हणून विचारलं तर म्हणाले, "गाडी लागलेली होती. लागलेली गाडी सोडली तर दुसरीपर्यंत वेळ जातो. त्या वेळाचं व्याज कोण देणार?" हे उत्तर त्यांना इतकं शोभणारं होतं की आम्ही हसलो, बायकोनं तीच सुकट कांद्यावर परतली, आणि दाजींना मेव्हणीच्या हातची आठवण झाली असं आम्हीच ठरवून टाकलं. दुसऱ्यांदा ते मुरबाडच्या स्टँडवर सापडले. तेव्हाही काहीतरी कारण होतं. तिसऱ्यांदा मला एका अनोळखी माणसाचा फोन आला. तो आटगाव स्टेशनसमोर चहा विकतो. म्हणाला, एक बाबा दुपारपासून बाकावर बसलेत, येणाऱ्या मालगाड्यांचे डबे मोजतायत. कुठे जायचंय म्हटलं तर घरी म्हणतात. गाव कुठलं म्हटलं तर म्हणतात, "साडेचारशे उंबरे, दोन विहिरी." तुमचा नंबर मात्र त्यांनी दहाच्या दहा आकडे न अडखळता सांगितला.

मी पोचलो तेव्हा दाजी मजेत होते. मला बघून म्हणाले, "पावणेचारशे, आत्ता गेली ती अठ्ठावन्न डब्यांची. इंजिनं दोन." मी त्यांच्या शेजारी बसलो. गावाचं नाव विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण विचारलं नाही. चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत. दाजींनी पाच कपांचे किती होतात हे त्याला तरीही सांगितलं.

तर अशा रीतीने आम्ही चौघे त्या मंगळवारी शहापूरला. डॉक्टर वयानं माझ्या पुतण्याएवढे, बोलायला शांत. त्यांनी विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"

"बाजार होऊन चौथा."

"आणि आपण आत्ता कुठे आहोत?"

"तुमच्या दवाखान्यात. बाहेर फी लिवलीय, ती वाचूनच आत आलो."

डॉक्टर हसले. मग म्हणाले, मी तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारीन: आंबा, खुर्ची, चावी. दाजींनी मान डोलावली. मग डॉक्टरांनी सांगितलं, शंभरातून सात वजा करत करत खाली या. हा प्रश्न ते रोज म्हाताऱ्यांना विचारत असणार आणि चार-पाच पायऱ्यांत समाधान मानत असणार. दाजींनी आधी त्यांच्याकडे, पाहुण्याला शिळं वाढलं तर बघावं तसं बघितलं, आणि सुटले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. डॉक्टर बास म्हणाले. दाजी थांबले नाहीत. अर्ध्यावर हिशेब टाकून उठणं म्हणजे ताटावरून उठणं. ते तसेच खाली उतरत नऊवर आले, दोनावर आले, आणि तिथं थबकून म्हणाले, "दोन उरले. त्यांचं काय करायचं, का उण्यात जाऊ?" नको नको, असं डॉक्टर म्हणाले. "मंग साडेसातानं परत वर येऊ का? तुमी तो कागद बघून उत्तरं ताडून बघताय, तो तिथं चालायचा नाय, पायजे तर तुमचा मोबाइल काढा." माझी बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मलाही बरं वाटत होतं. मी मनात म्हटलं, हा माणूस ठणठणीत आहे, उगाच आलो, आता पाव भाजी खाऊन घरी.

मग डॉक्टर म्हणाले, "वा आजोबा. आता मघाचे तीन शब्द?"

दाजींनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "तीन होते."

"हो, तीन होते. कोणते?"

"तीन."

आक्का शाळेतल्या पोरीसारख्या हळूच "आंबा" म्हणाल्या. डॉक्टरांनी बोटानंच त्यांना थांबवलं. दाजींनी डावा अंगठा एकेका पेरावर नेला, एक, दोन, तीन, आणि पुन्हा पहिल्या पेरावर आणला. जागा तिन्ही होत्या. त्यांत ठेवलेलं काही नव्हतं.

डॉक्टरांनी आक्कांकडे हात करून विचारलं, "या कोण तुमच्या?"

"पहिली."

आम्ही दोघा नवरा-बायकोनं आक्कांकडे बघितलं. ते ठरलेलं उत्तर आलं नाही. आक्का म्हणाल्या, "अहो, नाव सांगा ना. सांगा की एकदा."

"पन्नास वर्सांत घेतलं नाय," दाजी म्हणाले, "आता चारचौघांत घेऊ?"

आता यात लबाडी होती की लाज, हे मला सांगता येणार नाही. त्यांच्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेतच नाही, तेव्हा उत्तर चूक म्हणायलाही जागा नव्हती. डॉक्टरांनी दाजींना बाहेर बसायला सांगितलं आणि आम्हाला स्पष्ट बोलले. आकडे शाबूत आहेत, ते बहुधा शेवटपर्यंत टिकतील. नावं चालली आहेत, गावांची आणि माणसांची. गोळ्या चालू करू, त्यानं वेग कमी झाला तर झाला. आणि एक करा, बाजाराला एकटं सोडू नका. आक्कांनी एवढंच विचारलं की बाजार बंद केला तर चालेल का. डॉक्टर म्हणाले, तो तर मुळीच बंद करू नका. बाहेर येऊन मी पैसे भरले आणि दाजी काउंटरवर त्या मुलीशी सहाशेवरून भांडू लागले, ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

सोबत घेऊन बाजाराला जायचं दाजींनी साफ नाकारलं. त्यांच्या मते सोबत लागते ती म्हशीला. मुलगा कल्याणला नोकरीला, सुनेला शेत, आक्कांचे गुडघे धरलेले. एका बाजाराला सून बळंच सोबत निघाली तर दाजी स्टँडवरून परत फिरले आणि ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर गेलेच नाहीत. आंघोळ मुक्यानं करू लागले. आक्का फोनवर माझ्या बायकोला म्हणाल्या, मोरीतून नुसता पाण्याचा आवाज येतो गो, मला घरात परका माणूस आल्यासारखं वाटतं. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस त्यातच गेले. मजुरांचा हिशेब सुनेनं मोबाइलवर केला, दाजींनी ऐकला आणि चूक की बरोबर, काही बोलले नाहीत. ही बातमी ऐकली तेव्हा मात्र मी हातातला जमाखर्च बाजूला ठेवला.

श्रावणातल्या बाजाराच्या दिवशी मी सकाळीच त्यांच्या गावी गेलो. म्हटलं, दाजी, मला सोसायटीच्या कामानं धसईला जायचंय, येता का. काम काही नव्हतं. दाजींनी माझ्याकडे बघितलं, थाप ओळखली, टोपी घातली. बाजारात सुकटवाल्या मावशीनं त्यांना बघताच आधी तोंडसुख घेतलं. "काय ओ दाजी, मेलात का जगलात? श्रावण पाळताय का माझ्यावर रुसलात? हा काटा माझं दिवाळं काढल." श्रावण असल्यामुळे तिचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतं, तरी जे आलं त्याचा हिशेब दाजींनी काट्याच्या आधी सांगितला, एकदाही चुकले नाहीत. दुपारपर्यंत त्यांचा आवाज चढला, एका भाजीवाल्याला त्यांनी मूर्खात काढलं, आणि मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

संध्याकाळी स्टँडवर आलो तर दोन गाड्या लागलेल्या. दोन्ही लाल, दोन्हींच्या काचा सारख्याच फुटक्या. पुढे पाट्या होत्या. आमच्याकडच्या एस.टी.च्या पाटीवर गावाचं नाव असतं, आकडा नसतो. लागलेली गाडी न सोडणारे दाजी तिथे उभे राहिले. एका पाटीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. अक्षरं त्यांना वाचता येत होती, ओठ हलताना मला दिसले. त्यांतलं आपलं कुठलं, ते कळत नव्हतं. मी त्यांना दंडाला धरून चढवलं असतं तर ते पुन्हा कधी बाजाराला आले नसते.

बऱ्याच वेळानं त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. "मोज."

तीनशे होते. कसले म्हणून विचारलं.

"त्या डॉक्टरचे. आकड्यांचे प्रश्न मी सगळे सोडवले. त्याचे निम्मे मी देणार नाय, ते तू त्याच्याकडून वसूल कर. शब्द मला आले नाय. ते निम्मे हे." मग गाड्यांकडेच बघत त्यांनी विचारलं, "तीन होते ना रे?"

"तीनच होते दाजी. सांगू का कोणते?"

"नको. ठेवायला जागा नाय." नोटांवर माझीच बोटं मिटवून म्हणाले, "पावणेचारशे, असं करू. पाटी तू वाचत जा. तिकिटाचं मी बघीन."

मी पाटी वाचली. दाजी पुढे चढले. कंडक्टर मशीनची बटणं दाबायच्या आधीच माझं भाडं किती ते त्यांनी सांगितलं आणि मशीननं तेवढंच छापलं. दाजींची पंचाहत्तरी उलटल्यामुळे त्यांचं तिकीट शून्य रुपयांचं निघालं. निम्मं होतं तोवर त्यांना ते आवडे, निमकी तरी लावता येई. आता ते कंडक्टरला म्हणाले, "शून्य सांगायला कागद कशाला फाडतोस? ते मी तोंडी सांगितलं असतं." पण तिकीट त्यांनी घडी घालून टोपीत ठेवलं. थोड्या वेळानं, गाडी चढाला लागल्यावर, शेजारून हलक्या आवाजात औटकी ऐकू यायला लागली. माझं नाव त्यांच्या डोक्यात अजून आहे की नाही, हे मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. हाक मारल्यावर मी ओ देतो, तेवढ्यावर आमचं चालतं.

सहाशेचा अखेरचा हिशेब असा. दवाखान्यात भरले मी, सहाशे. दाजींनी मला परत दिले धसईच्या स्टँडवर, रोख, तीनशे. राहिलेले तीनशे डॉक्टरांकडून यायचे आहेत असं दाजींचं मत कायम आहे, आणि ते येईपर्यंत दर बाजाराला मी जाऊन पाटी वाचतो. मला त्या पैशांची काही घाई नाही.